केसांवर कुणी संशोधन करतं का?

शीर्षक वाचून हसू नका. हसायचं काम मी आधीच करून बसलोय.

गेल्या वर्षी सबमिशन संपल्याच्या रात्री आमच्या रूमवर सात-आठ जणांनी लॅपटॉपवर 'जोगवा' पाहिला. राजीव पाटील यांचा २००९ चा चित्रपट. त्यात सुलीच्या केसांत जट सापडते आणि तिला यल्लमाला सोडतात. तेवढ्यात एक जण म्हणाला, "शी! ही माणसं केस धूत का नाहीत?" सगळे हसले. मीही हसलो. खरं तर त्या क्षणी मला माझी आत्या आठवत होती. मी जत तालुक्यातला. (जतचा माणूस जटेवर लिहितोय, हा निव्वळ योगायोग!) आत्याच्या डोक्यात बावीस वर्षं जट होती. हे त्या रात्री मी सांगितलं नाही, ते आज सांगतो.

आधी आपल्या भाषेत मेकॅनिझम पाहू. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि सगळ्यांचं तोंड टोकाकडे असतं. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट सरकतं, उलटं फिरवलं की अडतं. थोडक्यात काय, रॅचेट! विंचरणं बंद झालं, वर तेल, हळद, धूळ बसली, की गुंता एकाच दिशेने घट्ट होत जातो, मागे येत नाही. लोकर दाबून नमदा बनवतात त्यामागेही हेच तत्त्व. एकदा पक्की झालेली जट फणीने सुटत नाही, कापावीच लागते. वैद्यकशास्त्रात हिला 'प्लिका पोलोनिका' म्हणतात. हे नाव पोलंडवरून पडलं. तिथेही पूर्वी लोकांना जटा असायच्या आणि कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो अशी समजूत होती. क्राको विद्यापीठातले डॉक्टर योझेफ डीट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात त्याविरुद्ध मोहीम चालवली. म्हणजे ही भीती फक्त आपल्याकडचीच नाही.

पण मेकॅनिझमने एक प्रश्न सुटत नाही. पहिला गुंता दिसल्यावर फणी का घातली जात नाही? आणि साधूची जट ही त्याची साधना, पण गरीब घरातल्या बाईची जट मात्र देवीचं बोलावणं, असं का? इथून संशोधन सुरू होतं.

गंमत म्हणजे यातला एक मोठा माणूस आपल्याच बिरादरीतला निघाला. एडमंड लीच यांनी १९३२ साली केंब्रिजमधून इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि नंतर ते मानववंशशास्त्राकडे वळले. १९५८ साली त्यांनी 'मॅजिकल हेअर' हा निबंध लिहिला. केस ही समाजाची खुणांची भाषा आहे. मोकळे केस, बांधलेले केस, मुंडण यांतून त्या माणसाच्या कामजीवनावर किती बंधन आहे ते समाज वाचतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडचं विधवांचं केशवपन आठवा. त्याविरुद्ध १८९० साली मुंबईत नाभिकांनीच वस्तरा खाली ठेवला होता, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने.

लीचना उत्तर दिलं श्रीलंकेच्या गणनाथ ओबेयसेकेरे यांनी. 'मेड्युसाज हेअर' या १९८१ च्या पुस्तकात ते कतरगामच्या जटाधारी बायकांशी बोलत बसतात. समाज काय वाचतो ते ठीक, पण त्या बाईला स्वतःला काय वाटतं? बहुतेकींच्या जटेमागे संसारातलं एखादं मोठं दुःख निघालं.

आणि आपल्या शेजारी, उत्तर कर्नाटकात, जोगतिणींमध्ये राहून लुसिंडा रॅम्बर्ग या अमेरिकन संशोधिकेने काम केलं. त्यांच्या २००९ च्या निबंधाच्या शीर्षकातच जटेला 'डर्ट' म्हणजे घाण म्हटलं आहे, कारण सुधारकांना जट तशी दिसते. त्या बायकांना मात्र ती साक्षात देवी वाटते. हे वाचताना मला आमच्या रूममधली ती "शी!" ऐकू आली.

हा फक्त देवाधर्माचा मामला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांच्या कुरळ्या केसांना, वेण्यांना ऑफिसात 'गबाळं' ठरवत. त्यावरून भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ साली कायदा करावा लागला. कुणाचे केस 'नीट' हे वरचढ लोक ठरवतात. तिकडे वंश, इकडे जात आणि गरिबी.

'जोगवा' ज्यांवर बेतला आहे त्यात मराठीचे प्राध्यापक राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आहेत, आणि 'दर्शन' ही चारुता सागर यांची कथा. हे लेखक आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या मळणगावचे! ज्यांनी ही माणसं जवळून पाहिली, त्यांनी ती लिहिली. आम्ही मात्र त्यात फक्त घाण पाहिली.

आत्याची जट दोन वर्षांपूर्वी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी काढली. साताऱ्याचे आणि मिरजेला डॉक्टर झालेले नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली ही समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, पण काम थांबलं नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. आत्याकडे कार्यकर्ते चार वेळा आले, चहा प्याले, गप्पा मारून गेले. पाचव्या वेळी कात्री काढली. आत्या म्हणाली, "मान हलकी झाली बघ." आणि मग रडत, "पर आई गेली की रं."

तेव्हा मला ते रडणं कळलं नव्हतं. हे सगळं वाचून झाल्यावर दिवाळीत पहिल्यांदा तिला विचारलं, जट आली कधी? तात्या घर सोडून गेले त्याच वर्षी, म्हणाली. त्यानंतर गावात तिला मान होता तो त्या जटेमुळे. मंगळवार-शुक्रवारी बायका पाया पडायच्या. जट कापली ती योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तिचं काय गेलं, हे बावीस वर्षांत घरातल्या एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हा सुट्टीत गावी जाल आणि असं कुणी दिसलं, तर हसू नका, परस्पर कात्रीही लावू नका. आधी शेजारी बसा, विचारा. मग कार्यकर्त्यांना बोलवा. आणि "केसांवर कसलं संशोधन?" असं कुणी म्हणालं, तर त्याला आमच्या रूमवर पाठवा. चहा माझ्याकडून!