मुक्ताबाईंच्या दोन पणत्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. केदारखेड्याला आमच्या चौथीच्या वर्गात मी सहज विचारलं, "बाळाला जुलाब लागले तर त्याला पाणी पाजायचं, की बंद करायचं?"

"बंद करायचं, बाई!" निम्म्याहून जास्त पोरं एका सुरात ओरडली. "पाणी पाजलं की अजून जुलाब होतात. आजी म्हणते."

खिडकीजवळची एक मुलगी मात्र गप्प होती. मधल्या सुट्टीत ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमचं बाळ कालपासून डोळेच उघडत नाही. त्याला पाणी नाही दिलं." मी तशीच उठले आणि गावातल्या आशाताईला निरोप धाडला. ती पुडी घेऊन धावली. चमच्या-चमच्याने पाजता पाजता संध्याकाळी ते बाळ एकदाचं रडलं! आईला इतकं हायसं वाटलं, की तीही रडायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, आशाताई तर गावोगाव असते, त्यात काय विशेष? पण सरकारची आशा योजना सुरू झाली २००५ साली. तिच्या कितीतरी आधी, १९७० साली, आपल्या बीडच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले होते. (जामखेड तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात.) दोघं वेल्लोरला डॉक्टर झालेले, पुढे अमेरिकेत शिकलेले. मनात आणतं तर मोठ्या शहरात बंगला बांधून राहिले असते. पण त्यांनी जनावरांच्या एका जुन्या, पडीक दवाखान्यात आपलं काम मांडलं.

त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे १७६ बाळं पहिला वाढदिवससुद्धा बघत नसत. आपल्या शाळेचा पट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल. त्यातली पुष्कळ बाळं साध्या जुलाबाने आणि धनुर्वाताने जात. नाळ कापायला मिळेल ते विळा-पातं घ्यायचे, मग दुसरं काय होणार?

आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यात पाठवून पाहिल्या. जमलं नाही. त्या परक्या गावात रमेनात आणि गावही त्यांचं ऐकेना. मग एका सरपंचानेच सुचवलं म्हणतात, की गावातल्याच बाया का शिकवत नाही? झालं! गावाने आपापली बाई निवडली. बहुतेकींना अक्षरओळख नाही, कितीतरी जणी दलित वस्तीतल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, चित्रं बघून आणि गाणी म्हणून शिकायच्या. बाळंतपणासाठी हात कसे धुवायचे, स्वच्छ पातं नि दोरा कसा वापरायचा, बाळाचं वजन कसं करायचं. आणि जुलाबाचं पाणीसुद्धा!

१९७२ च्या दुष्काळात पाण्याचे हाल झाले, तेव्हा तिथे विंधनविहिरी घेतल्या. पण जागा मुद्दाम दलित वस्तीतल्या निवडल्या. पाणी पाहिजे ना? मग यायचं तिथे, सगळ्यांनी एकाच हापशावर! मला विचाराल तर अख्ख्या कामातली ही युक्ती सगळ्यात भारी.

या बायांना सरकारी पगार नव्हता. मग पोट कसं भरायचं? महिला मंडळातून थोडं कर्ज घेऊन कुणी शेळ्या पाळल्या, कुणी बांगड्या विकल्या. हातात दोन पैसे आले तशी घरातही त्यांच्या शब्दाला किंमत आली.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० च्या दशकाअखेर त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा हजारी पंचवीसच्या आसपास उतरला होता. जगभरातून लोक बघायला येऊ लागले. आफ्रिकेतल्या देशांतूनही डॉक्टर आणि कार्यकर्ते शिकायला आले. त्यांच्याकडेही कितीतरी गावांना दवाखाना मैलोन् मैल लांब. आणि त्यांना शिकवायला कोण? तर नऊवारीतल्या ह्याच बाया, बरं का!

त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली थेट अमेरिकेत, वॉशिंग्टनला गेल्या. सभागृहात मोठमोठे तज्ज्ञ आणि छताला लखलखती झुंबरं. मुक्ताबाईंनी पिशवीतून दोन पणत्या काढल्या. एक पेटवली, तिच्यावर दुसरी लावली. म्हणाल्या की मोठे डॉक्टर झुंबरासारखे, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. आम्ही पणतीसारख्या, स्वस्त आणि एकीवरून दुसरी लावता येणाऱ्या.

मेबलताई १९९९ साली गेल्या आणि डॉक्टर रजनीकांत २०११ साली. काम चालूच राहिलं, त्यांची मुलगी डॉ. शोभाही त्यातच आहेत.

आम्ही वर्गात ते पाणी करून पाहिलं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाच्या लहान चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको हं, ते बाळाला बाधतं! आणि बाळ मलूल पडलं तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आजी शाळेच्या दारात उभी. मला वाटलं, आता भांडण होतं. आजीने पदराखालून दोन चमचे काढले, एक लहान, एक मोठा, आणि विचारलं, "बाई, ह्यातला कोन्ता?"