धातुबंधक प्रथिने
धातुबंधक प्रथिने : प्राण्यांच्या ऊतकांतील (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांतील) जी प्रथिने धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू) बांधून ठेवतात, त्यांना ही संज्ञा देतात. ट्रान्सफेरीन रक्तातून लोह वाहून नेते, तर फेरिटीन ते साठविते. या गटातील सर्वांत विलक्षण प्रथिन मात्र मेटॅलोथायोनीन हे होय. एम. मारगोशेस व बी. एल. व्हॅली यांनी १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातील कॅडमियमयुक्त प्रथिन म्हणून त्याची प्रथम नोंद केली.

सस्तन प्राण्यांतील मेटॅलोथायोनिनाचा रेणुभार ६,००० ते ७,००० असून त्याच्या साठाहून थोड्या अधिक ॲमिनो अम्लांपैकी २० सिस्टिनाची असतात. सिस्टिनातील गंधकाला जस्ताचे वा कॅडमियमाचे सात आयन, चार व तीन अशा दोन पुंजांत, बांधले जातात.

ते वेगळे करण्यासाठी ऊतक थंड अवस्थेत वाटून केंद्रोत्सारणाने निवळ द्रव मिळवितात. हा द्रव तापविल्यास इतर बरीच प्रथिने साखळतात. मेटॅलोथायोनीन विद्रावातच राहते. नंतर द्रव जेलच्या स्तंभातून जाऊ देतात. मोठे रेणू आधी व लहान मागाहून बाहेर पडतात. लांबट आकारामुळे मेटॅलोथायोनीन सु. १०,००० रेणुभाराच्या प्रथिनाप्रमाणे वागते. टायरोसीन व ट्रिप्टोफेन यांच्या अभावी ते प्रथिनांच्या नेहमीच्या २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार परीक्षेत जवळजवळ दिसतच नाही. म्हणून प्रत्येक अंशातील धातूच मोजावी लागते. त्याचे उपप्रकार आयन-विनिमय वर्णलेखनाने वेगळे होतात.

या पद्धतीत फसगत होण्याचा संभव बराच आहे. हवेतील ऑक्सिजनाने गंधकाचे गट ऑक्सिडीभूत होतात, तसेच ऊतक वाटताना धातू एका प्रथिनावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. त्यामुळे नलिकेत आढळलेली धातू जिवंत पेशीतही त्याच प्रथिनावर होती, असे निश्चित म्हणता येत नाही. अपेक्षित रेणुभाराच्या अंशात कॅडमियम सापडले, एवढ्यावरून प्रथिनाची ओळख पटत नाही. ॲमिनो अम्लांचे विश्लेषण आवश्यक ठरते. अपृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे. पूर्वीचे तीन वर्गांचे वर्गीकरण मागे पडून पुढे ॲमिनो अम्लांच्या क्रमावर आधारलेली कुले मानण्यात आली.

जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात कॅडमियमाने दूषित पाणी व तांदूळ यांमुळे इताई-इताई हा रोग उद्भवला. त्यात मूत्रपिंडे बिघडून हाडे ठिसूळ होतात. यकृतात मेटॅलोथायोनीन कॅडमियम बांधून पेशींचे रक्षण करते. परंतु तेच संयुग रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचून तेथील नलिकांच्या पेशींत विघटित झाले, की मुक्त झालेले कॅडमियम त्या पेशींना अपाय करते.