प्लगचा रंग

चेतक बंद पडली की मामा आधी पान्याला हात लावत नसत. "किक मार," म्हणायचे आणि मान कलती करून ऐकत राहायचे. मग प्लग काढून उजेडात धरायचे. तपकिरी असला तर एंजिन ठणठणीत. काळा, ओला असला तर ऑइल जास्त पडतंय किंवा ठिणगी अशक्त. पांढरट असला तर पेट्रोल कमी पोचतंय, एंजिन तापतंय. हा रंग बघायला त्यांनी पेठेतल्या निम्म्या लोकांना शिकवलं. माझ्या आईलाही.

मामा गेल्या महिन्यात गेले. दीड खणाचं गॅरेज आता बंद आहे.

बजाजने चेतक 1972 साली आणली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, म्हणून ती घरात आली की घरातलीच होऊन जायची. मामांना ती आवडायची ते वेगळ्या कारणाने. पुढचं-मागचं चाक एकसारखं, त्यामुळे एकच स्टेपनी दोन्हीकडे चालते. उजव्या बाजूचा डबा काढला की एंजिन समोर. "ज्याची गाडी त्याला खोलता आली पाहिजे," असं ते म्हणत. गिऱ्हाईक शिकलं तर आपला धंदा बुडेल, ही भीती मी त्यांच्यात कधी पाहिली नाही.

गाडी आडवी करून किक मारणाऱ्यांवर मात्र ते चिडत. रोज आडवी करावी लागते म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल नीट येत नाही; सुई बघ, जेट फुंक, गाडीला का लोळवतोस?

पॉइंट लावणं हे त्यांचं खरं काम. मॅग्नेटच्या चाकाला एक छोटी खिडकी असते. तिच्यातून अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट जुळवायची. त्या वेळी गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, रेडिओसुद्धा बंद. मी दहावीनंतरची सुट्टी तिथे काढली. माझा पॉइंट त्यांनी सात वेळा सोडवून परत लावायला सांगितला, आणि सातही वेळा शेजारच्या बाकड्यावर चहा ठेवून थांबले.

2009 मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. मामांकडे गाड्या येत राहिल्या, फक्त लांबून येऊ लागल्या.

प्लगची फट मोजायला त्यांच्याकडे मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा होता. दात घासून काढलेला, जाडी सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास. चेतकच्या प्लगला नेमकी लागते तेवढी. दहाव्याला त्यांच्या मुलाने तो माझ्या हातात ठेवला.

परवा कात्रजच्या घाटात गाडी थांबली. प्लग काढला. काळा, ओला. चिंधीने पुसला, ब्लेड फटीत सरकवून पाहिलं. सैल होतं. दगडावर हलकेच टोकून फट बसवली, प्लग लावला आणि किक मारण्याआधी मान कलती केली.