विश्लेषण : मुंबईच्या शिंपल्यांचा पुरावा ब्रिटनमध्ये का?

नव्या प्राण्याला शास्त्रीय नाव देताना ते एका ठरावीक नमुन्याशी जोडले जाते. त्याला ‘टाइप’ म्हणजेच प्ररूप नमुना म्हणतात. पुढे नावाबाबत वाद झाला, तर अखेरचा शब्द या नमुन्याचा.

मुंबईचे उदाहरण काय?
अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईत गोळा केलेल्या सागरी शंख-शिंपल्यांतून जे. सी. मेलव्हिल यांनी २५ नव्या जातींचे वर्णन १८९३ मध्ये मँचेस्टरला प्रसिद्ध केले. मेलव्हिल यांचा मोठा संग्रह आज वेल्समधील कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अडचण कुठे येते?
कालवांचा आकार जागेनुसार बदलतो, त्यामुळे एकाच जातीला अनेक नावे पडतात. १९१६ मध्ये मद्रासवरून नाव दिलेले कालव आता १७९८ मधील जुन्या नावाखाली धरले जाते. जातच नक्की नसेल, तर पकडीचे नियम आणि संवर्धन कोणाचे, हे ठरवता येत नाही.

आता नियम काय?
जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीचा नमुना नियुक्त भारतीय संस्थेत जमा करावा लागतो. कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था त्यांपैकी एक. यापुढचा पुरावा देशात राहील. १८९३ च्या जातींसाठी मात्र अभ्यासकांना ब्रिटनकडेच पाहावे लागते.