मांडव्याच्या धक्क्यावर हरवलेली किल्ली

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली आणि मोटारीसह समुद्र ओलांडणे सोपे झाले. आमची किल्ली मात्र मांडव्याच्या जेटीवर खिशातून निसटली ती थेट पाण्यात. वृद्ध आई उन्हात उभी. किल्लीवाल्याने कुलपावरून नवे पाते कापून दिले. दार उघडले, इंजिन मात्र क्षणभर सुरू होऊन बंद पडले.

हरवलेल्या किल्लीच्या मुठीत ट्रान्सपाँडर नावाची इवलीशी चिप होती. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली फिरवताच कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते व ती आपला संकेत कळविते. तो ओळखीचा असेल तरच इमोबिलायझर इंजिन चालू राहू देतो.

नव्या चिपची ओळख गाडीला करून देण्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडतात. बहुधा गाडीचा गुप्त क्रमांकही लागतो. त्यासाठी अधिकृत विक्रेता आर.सी. व ओळखपत्र पाहतो. एक चालती किल्ली हाती असली तर काम पुष्कळ हलके होते. आमची दुसरी किल्ली मुंबईच्या घरी कपाटात होती. भाचा पुढच्या बोटीने ती घेऊन आला.

नंतर नवी किल्ली नोंदविताना हरवलेली गाडीच्या स्मृतीतून पुसून घेतली. समुद्रातल्या किल्लीचे भय नाही, पण बाजारात पडलेलीचे असते! शिवाय गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ किल्ल्या मागते. म्हणून हरवल्याची पोलिसांकडील नोंद आता आर.सी.सोबतच ठेवली आहे.