दोन खिडक्या, तरीही आवाज?

वडगाव, कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत जुना महामार्ग आणि रेल्वे बऱ्याच ठिकाणी जवळजवळच धावतात. ट्रक आणि मालगाड्यांची घरघर रात्रभर चालते. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण बाळंतिणीची किंवा दहावीच्या मुलीची झोप नियम वाचून येत नाही. म्हणून आपण खिडकीला आतून दुसरी खिडकी लावतो. पैसे जातात, आवाज मात्र तसाच राहतो. असं का होतं, ते आज पाहू.

जिथून वारा येतो, तिथून आवाजही येतो. खिडकीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी काच कितीही भारी असो, आवाज साधारण 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. म्हणून आधी फटी शोधा. वारा असताना पेटती उदबत्ती चौकटीभोवती फिरवा. धूर हलला की तिथे फट आहे. झडपेच्या कडेला रबरी पट्टी लावा, चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉनने बुजवा. सरकत्या खिडकीपेक्षा कडीने दाबून बसणारी खिडकी आवाज जास्त अडवते.

मग दोन काचांमधलं अंतर. कारखान्यातून जोडून येणाऱ्या दुहेरी काचेत ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असतं. ती उष्णता अडवते, पण ट्रकच्या जाड घरघरीला कमी पडते. दोन वेगळ्या खिडक्यांमध्ये निदान दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून जास्त, जागा ठेवा. काचाही सारख्या नकोत. एक 4 मिलिमीटरची असेल तर दुसरी 6 ची घ्या. प्रत्येक जाडीची काच एखादा सूर जास्त आत सोडते. जाडी वेगळी असली की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

आपल्याकडच्या पावसात दोन गोष्टी विसरू नका. बाहेरच्या चौकटीतली पाणी जाण्याची भोकं बुजवू नका, नाहीतर पाणी आत साचेल. आणि आतली खिडकी उघडता येईल अशीच करा. मधली ओल पुसावी लागते.

गॅसची शेगडी किंवा गॅस गिझर असलेली खोली मात्र कधीही बंदिस्त करू नका. तिथे हवा खेळतीच हवी, मग थोडा आवाज आला तरी चालेल.