द्राक्षमळ्यापासून पेल्यापर्यंत: नाशिकच्या वाइनरीची फेरी

वाइनरीची फेरी म्हणजे द्राक्षाच्या बागेपासून बाटलीपर्यंतचे काम क्रमाने पाहणे आणि शेवटी त्याच जागी तयार झालेल्या वाइनची चव घेणे. मळ्यावरच वाइन करण्याची रीत फ्रान्समध्ये रुजलेली आहे. बोर्दो भागात जुना वाडा, त्याभोवतीचे द्राक्षमळे आणि वाइन मुरवण्याची कोठारे मिळून ‘शातो’ होतो. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या शातोंची प्रतवारी झाली आणि ती थोड्या फेरफारांनिशी आजही पाळली जाते. तरीही पुढची बरीच वर्षे मालक वाइन पिंपांतच व्यापाऱ्यांना विकत आणि बाटल्या व्यापारी भरत. 1924 साली शातो मूतों रोथशिल्डच्या बॅरन फिलिप द रोथशिल्ड यांनी सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करायला सुरुवात केली. वाइनची जबाबदारी अशी तिच्या जमिनीकडे आली. शँपेन भागातल्या एपर्ने गावी 1743 साली स्थापन झालेल्या मोएत ए शांदों या घराण्याची जमिनीखालची तळघरे सुमारे 28 किलोमीटर लांब आहेत. ती पाहायला आज जगभरातून लोक जातात.

महाराष्ट्रात ही परंपरा एका पिढीच्या आत उभी राहिली. 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन तयार केली. ‘ओमर खय्याम’ नावाची ही वाइन परदेशातही गेली. पुढचा टप्पा नाशिकचा. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी आंबे आणि खाण्याची द्राक्षे करून पाहिली. मग कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने त्यांनी सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या फ्रेंच जातींची लागवड केली. आई सुलभा यांच्या नावावरून वाइनरीला ‘सुला’ नाव दिले. तिची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाइनवरच्या करात सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरला व सांगली जिल्ह्यातल्या पलूसला वाइन पार्क आखले. 2005 साली सुलाने पाहुण्यांसाठी चव-दालन उघडले. तेव्हापासून नाशिकला जाऊन वाइनरी पाहणे ही मुंबई, ठाणे आणि वसईच्या लोकांची ओळखीची सहल झाली.

आता गंगापूर परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि वालोने, तर निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हिलो आहे. मोएत ए शांदों ज्या उद्योगसमूहाची आहे, त्याच समूहाने दिंडोरीला ‘शांदों’ची वाइनरी काढली आणि 2013 साली तिची पहिली भारतीय बाटली बाजारात आणली. एपर्नेच्या तळघरातली रीत अशी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आली.

बाग

फेरी बागेतून सुरू होते. वाइनच्या जगातले बहुतेक नामांकित मळे 30 ते 50 अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. नाशिक 20 अक्षांशावर आहे. इथे द्राक्ष तगते ते उंचीमुळे आणि हिवाळ्यामुळे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवरच्या या पठारावर डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन असते आणि रात्री थंडी पडते. दिवसा साखर भरते आणि गार रात्री आंबटपणा टिकवून ठेवतात. वाइनला दोन्ही हवे असतात.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास तोडणीला येते. नाशिकची वेल कधीच झोपत नाही. म्हणून तिच्या दोन छाटण्या करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पावसाळाभर काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि त्या काडीच्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात. मग जानेवारी ते मार्च या काळात तोडणी चालते. बोर्दोतले शेतकरी उघड्या काड्यांची छाटणी करत असतात तेव्हा नाशिकला घड भरलेले असतात. फेरीसाठी हेच दिवस सर्वांत चांगले. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण घड नसतात आणि वाइनरीतली यंत्रे थंड असतात.

वाइनचे द्राक्ष हातात घेतल्यावर फरक कळतो. खाण्याच्या द्राक्षाचे घड विरळून, संजीवकाच्या द्रावणात बुडवून मणी फुगवतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी मुद्दाम लहान ठेवतात. साल जाड असते, आत बिया असतात आणि रस थोडा असतो. रंग, सुगंध आणि तुरटपणा सालीत असल्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त असलेला लहान मणीच मोलाचा ठरतो.

जमिनीखालची गोष्टही पाहण्यासारखी आहे. 1860 च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकी द्राक्षाच्या खुंटावर फ्रेंच जातींचे कलम बांधले गेले. महाराष्ट्राने खुंटरोप स्वीकारले ते पाण्याच्या टंचाईमुळे आणि खारवट जमिनीमुळे. नाशिकची पुष्कळशी शिराझ किंवा शेनिन ब्लांची वेल अशा खुंटावर उभी आहे.

सगळी द्राक्षे वाइनरीच्या स्वतःच्या मळ्यातली नसतात. आसपासचे शेतकरी अनेक वर्षांच्या करारावर लागवड करतात आणि भाव प्रतीवर ठरतो. मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून डोळ्याला लावला की गोडीचा आकडा ‘ब्रिक्स’मध्ये दिसतो. तो 22 च्या आसपास गेला की तोडणीचा विचार सुरू होतो. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर डाऊनी हा रोग पडतो, तोडणीच्या वेळी आला तर मणी तडकतात. पेल्यातल्या वाइनमागे शेतकऱ्याने काळजीत काढलेल्या रात्री असतात. फेरीत हे नीट समजले, तरच पुढची चव कळते.

वाइनरी

तोडणी पहाटेच्या गारव्यात करतात, कारण उन्हात तापलेले द्राक्ष क्रेटमध्येच फसफसू लागते. घड वाइनरीत आले की निवडले जातात, यंत्र देठ वेगळे करते आणि मणी फोडते. इथून पांढऱ्या आणि लाल वाइनच्या वाटा वेगळ्या होतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस बिनरंगी असतो, रंग सालीत असतो. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनसाठी साल रसातच ठेवतात. रोझेसाठी साल काही तासच राहू देतात आणि मग काढतात.

रस स्टेनलेस स्टीलच्या उंच टाक्यांत जातो. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. लिटरभर रसातल्या सुमारे 17 ग्रॅम साखरेपासून 1 टक्का अल्कोहोल होते. हे चालू असताना उष्णता निर्माण होते, म्हणून टाकीभोवती थंड द्रव खेळवतात. पांढरी वाइन 14 ते 16 अंश सेल्सिअसला सावकाश आंबवली, तर फळांचा वास टिकतो. लाल वाइनला 25 अंशांच्या आसपासची ऊब लागते. तिच्यातली साल गॅसबरोबर वर येऊन जाड थर धरते, म्हणून तळचा रस पंपाने दिवसातून अनेकदा त्या थरावर सोडतात. तोडणीच्या दिवसांत हे काम डोळ्यांसमोर चालते आणि सगळ्या दालनात आंबलेल्या द्राक्षाचा दरवळ असतो.

काही लाल वाइन पुढे ओक लाकडाच्या पिंपांत जातात. बोर्दोचे ठरीव पिंप 225 लिटरचे असते. पिंप करताना आतली बाजू आगीवर भाजतात. त्यातून वाइनला व्हॅनिलाचा आणि मसाल्याचा वास येतो, आणि लाकडातून हळूहळू झिरपणाऱ्या हवेने तिचा तुरटपणा मवाळ होतो.

फसफसणाऱ्या वाइनची शँपेनी रीत आणखी वेगळी आहे. तयार वाइनमध्ये थोडी साखर व यीस्ट घालून बाटली बंद करतात. आंबण्याची दुसरी क्रिया बाटलीतच होते आणि आतला दाब 5-6 वातावरणांपर्यंत चढतो. उरलेला यीस्टचा गाळ मानेशी जमावा म्हणून बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, मान गोठवतात आणि बूच काढतात. आतल्या दाबाने गोठलेला गाळ बाहेर उडतो. मग बाटली भरून पुन्हा बुचाने बंद करतात.

चव

चव-दालनात क्रम ठरलेला असतो. आधी फसफसणारी, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड. हलक्यावरून भारदस्ताकडे गेले नाही तर आधीची चव पुढचीला दाबून टाकते. पांढरी वाइन 8 ते 12 अंशांना, लाल 16 ते 18 अंशांना द्यायची असते. नाशिकच्या उन्हाळ्यात घरात ठेवलेली लाल वाइन याहून खूपच गरम असते, म्हणून तीही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

ग्लास दांडीला धरतात, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. तो तिसरा हिस्साच भरलेला असतो. आधी पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहायचा. मग ग्लास फिरवून वास घ्यायचा. सोव्हिन्यों ब्लांला ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण दोन्हींत पायराझिन वर्गाची द्रव्ये असतात. शिराझला काळ्या मिऱ्याचा वास येतो. त्यातले रोटंडोन हे द्रव्य मिऱ्यातही असते. शेनिन ब्लांमध्ये सफरचंद, पेरू आणि मध शोधावा. त्यानंतर लहान घोट तोंडभर फिरवायचा. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते, टॅनिनने हिरड्या कच्ची सुपारी खाल्ल्यासारख्या आवळतात. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, तेही मोजायचे. पुष्कळ नमुने चाखायचे असतील तर घोट बादलीत थुंकतात, आणि त्यात काही वावगे मानत नाहीत.

वसईच्या घरांतली वाइन

वसईच्या ख्रिस्ती गावांना द्राक्षाची वाइन जुनीच ओळखीची आहे. 1534 ते 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि गावोगावी चर्चे उभी राहिली. चर्चमधल्या मिस्सेसाठी लागणारी वाइन शुद्ध द्राक्षाचीच असावी, असा कॅथलिक चर्चचा नियम आहे. सेंट थॉमस चर्चच्या सांडोरमध्ये आणि आसपासच्या गावांत नाताळाच्या आधी घरी वाइन करण्याची चाल आहे. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, पाणी, यीस्ट आणि बहुधा मूठभर गहू चिनी मातीच्या बरणीत घालून, फडके बांधून ती रोज लाकडी पळीने ढवळतात. काही आठवड्यांनी गाळून घेतात.

बरणीतली क्रिया आणि टाकीतली क्रिया एकच. घरी साखर वरून घालतात, वाइनरी मण्यातल्या साखरेवर विसंबते. घरी पावसाळ्यानंतरची हवा तापमान ठरवते, वाइनरीत यंत्र ठरवते. घरची वाइन गोड आणि लवकर संपवण्याची असते. नाशिकची चांगली लाल वाइन काही वर्षे ठेवता येते. पण मूळ क्रिया ओळखीची असल्यामुळे सांडोरहून गेलेल्या माणसाला टाकीपाशी फार समजावून सांगावे लागत नाही.

जेवणाशी मेळही जमतो. तळलेले बोंबील किंवा सुरमई यांना सोव्हिन्यों ब्लांचा आंबटपणा शोभतो. बॉटल मसाला या घरगुती मसाल्याच्या किंवा इंदियाल या मांसाच्या कालवणाच्या तिखटाला किंचित गोड शेनिन ब्लां बरी, कारण गोडी तिखट शमवते. तुरट आणि जास्त अल्कोहोलच्या लाल वाइनने तेच तिखट आणखी झोंबते.

जाताना

वसईहून नाशिकला भिवंडी, शहापूर आणि कसारा घाटमार्गे जाता येते. तोडणीच्या हंगामात शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून फेरीची वेळ आधी ठरवावी. चव घेण्यासाठी कायद्याने ठरवलेले वय पूर्ण असावे लागते. गाडी चालवणाऱ्याने चाखायचे नाही, हे निघण्यापूर्वीच ठरलेले बरे. विकत घेतलेल्या बाटल्या तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. बुचाची बाटली घरी अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही. उघडलेली बाटली बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.